आधी थांबण्याची सोय

लहान मुलाला अवकाशयानाचे चित्र काढायला सांगा. टोकदार नाक, दोन-तीन गोल खिडक्या, बाजूला पंख आणि मागच्या टोकाला लाल-पिवळ्या ज्वाळा, असे चित्र ते पाच मिनिटांत काढून देईल. ज्वाळा नेहमी मागे. पुढच्या टोकाला ज्वाळा काढणारे मूल माझ्या पाहण्यात नाही, आणि मोठ्यांच्या हातात खडू दिला तर तेही निराळे काही काढतील असे वाटत नाही. यान म्हणजे पुढे जाणारी वस्तू, ही समजूत आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की ते थांबणार कसे, हा प्रश्न सहसा कुणाला पडतच नाही.

हा प्रश्न संगणकावरचा एक खेळ मात्र मुलांना पाडतो. 'स्पेस इंजिनिअर्स' हे त्याचे नाव. प्रागमधल्या 'कीन सॉफ्टवेअर हाउस' या कंपनीने तो केला. २०१३ मध्ये तो अर्धामुर्धा बाजारात आला, लोक खेळत राहिले, कंपनी त्यात भर घालत राहिली आणि २०१९ मध्ये तो पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. खेळ असा, की लोखंडी ठोकळे एकमेकांना जोडून आपले यान आपणच बांधायचे. इंजिने, वीज पुरवणारी यंत्रे, माल ठेवायच्या पेट्या, चालकाची खुर्ची, सगळे आपण ठरवू तिथे. मग ते घेऊन लघुग्रहावर जायचे, खनिज खणायचे आणि तळावर परत यायचे. कुणाला मारायचेच असेल तर तीही सोय आहे, पण या खेळाचा खरा रस बांधण्यात आहे.

आमच्या घरात हा खेळ नातवामुळे आला. तो नववीत आहे. बँकेत आयुष्यभर कर्जाच्या फायली चाळल्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या, अशा माणसाने अवकाशयानांच्या बांधणीवर मत द्यावे, हे वाचकांना आगाऊपणाचे वाटेल. पण ज्या माणसाने हजारो लोकांना 'घेणार ते ठीक, फेडणार कसे?' असे विचारण्यात उमेद घालवली, त्याला हा विषय फारसा परका नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की अवकाशयान बांधताना पहिले इंजिन मागे नव्हे, पुढच्या तोंडाला बसवावे. थांबण्याची आणि वळण्याची सोय आधी, पळण्याची नंतर. खेळणारी बहुतेक मुले नेमकी उलट्या क्रमाने बांधतात, आणि त्यात दोष त्यांचा नाही.

दोष आपल्या जमिनीचा आहे. पृथ्वीवर थांबणे फुकट मिळते. सायकलचे पायडल मारणे सोडले की ती आपोआप मंदावते, बैलांनी ओढणे थांबवले की गाडी उभी राहते, चेंडू मैदानावर घरंगळत जाऊन गवतात निजतो. घर्षण आणि हवा हे दोन नोकर बिनपगारी राबत असतात, म्हणून आपल्याला त्यांची किंमत कळत नाही. कॅरम खेळणाऱ्यांना थोडीफार कळते. बोर्डावर बोरिक पावडर टाकली की तोच स्ट्रायकर, तोच फटका, पण सोंगटी किती तरी लांब जाते. आता असा कॅरम बोर्ड डोळ्यांसमोर आणा, की ज्याला कडा नाहीत, भोके नाहीत आणि पावडर अशी की घर्षण औषधालाही उरू नये. मारलेली सोंगटी जातच राहील. अवकाश म्हणजे हेच. न्यूटनने १६८७ मध्ये हा नियम लिहून ठेवला, आणि 'बाह्य बल लावले नाही तर' असे म्हणत आपण सर्वांनी तो पाठही केला. पाठ केला, परीक्षेत लिहिला, गुण घेतले. त्यावर विश्वास मात्र ठेवला नाही, कारण आजूबाजूची एकही वस्तू त्याप्रमाणे वागताना दिसत नव्हती.

नातवाचे पहिले यान पाच मोठी इंजिने मागे लावून निघाले. दिसायला देखणे होते. पुढे एकही इंजिन नव्हते, कारण नाकाचा आकार बिघडला असता. लघुग्रह समोर दिसू लागला तेव्हा त्याने कळीवरचे बोट काढले आणि यान थांबण्याची वाट पाहू लागला. यान थांबले नाही. "आजोबा, मी बोट काढलं होतं की!" असे तो तुकड्यांकडे पाहून म्हणाला. बोट काढले म्हणजे थांबले पाहिजे, हा युक्तिवाद जमिनीवर जन्मलेल्या माणसाचा होता, आणि त्या दृष्टीने बिनतोड होता.

या खेळात एक सोय आहे, तिनेही त्याचा घोटाळा केला. तिला 'इनर्शिया डॅम्पनर' म्हणतात. ती चालू असली की चालकाने हात सोडताच यान आपले आपण थांबायला बघते. मुलांना वाटते, हाच ब्रेक. तो ब्रेक नाही. तो एक इमानी कारकून आहे. यान ज्या दिशेला चालले आहे त्याच्या उलट दिशेचे इंजिन पेटवणे एवढेच त्याचे काम. त्या बाजूला इंजिनच बसवलेले नसेल तर कारकून हात जोडून बसून राहतो. चेकवर सही बरोबर असली म्हणून पैसे मिळत नाहीत, खात्यात शिल्लकही लागते. यानाच्या सहाही बाजूंना, म्हणजे पुढे, मागे, वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे, काही ना काही शिल्लक असल्याशिवाय डॅम्पनरच्या सहीला अर्थ नाही.

शिल्लक किती असावी, याचा हिशेब कागदावर होतो आणि तो करावाच. खेळातल्या मोठ्या यानांना बसणारा लहान आयन थ्रस्टर सुमारे ३४५ किलोन्यूटन रेटा देतो आणि मोठा ४,३२० किलोन्यूटन. यान ५०० टनांचे आहे असे धरू. खेळाने वेगावर सेकंदाला १०० मीटरची मर्यादा घातली आहे, तेवढ्या वेगाने ते चालले आहे. पुढे फक्त एक लहान थ्रस्टर असेल तर यान थांबायला जवळजवळ अडीच मिनिटे लागतात, आणि तोवर ते सात किलोमीटरहून अधिक पुढे गेलेले असते. त्याच जागी एक मोठा थ्रस्टर बसवला तर बारा सेकंदांत आणि पावणेसहाशे मीटरच्या आसपास काम भागते. तेच यान निम्म्या वेगाने येत असेल तर दीडशे मीटरही लागत नाहीत. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते, हे वाहन चालवायला शिकवणाऱ्याने प्रत्येकाला सांगितले पाहिजे. सांगत कुणी नाही, तो भाग निराळा.

आता वळण्याविषयी. इथे मुलांची आणि मोठ्यांचीही समजूत सिनेमांनी बिघडवली आहे. सिनेमातली याने विमानासारखी एका अंगावर कलून झोकात वळतात. विमानाला वळवते ती हवा. पंख हवेला रेटतात, हवा पंखांना रेटते. अवकाशात रेटायला काही नाही. तिथे वळणे ही दोन वेगळी कामे आहेत. एक मान वळवणे आणि दुसरे वाट वळवणे. मान वळवायला जायरोस्कोप पुरतो. आत जड चाक फिरत असते, त्याच्या जोरावर यान जागच्या जागी तोंड फिरवते. हे काही खेळातले स्वप्नरंजन नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे तोंड योग्य दिशेला ठेवण्याचे कामही असे चार मोठे जायरोस्कोप करतात. पण मान वळली म्हणून वाट वळत नाही. यान डावीकडे तोंड करते आणि सरकत राहते पूर्वीच्याच दिशेला, वरातीत मागे वळून बोलणाऱ्या माणसासारखे. वाट बदलायची तर आधीचा वेग मारावा लागतो आणि नव्या दिशेचा वेग द्यावा लागतो. त्यासाठी बाजूची इंजिने हवीत. 'माझं यान वळतं, पण घसरतं' अशी नव्या खेळाडूंची तक्रार असते. ते घसरत नाही. त्याला कुणी वाट बदलायला सांगितलेलेच नसते.

मान किती चटकन वळेल, हे जायरोस्कोप किती आहेत एवढ्यावर ठरत नाही. जडपणा कुठे ठेवला आहे त्यावरही ठरते. ज्यांनी खांद्यावर पाण्याची कावड वाहिली आहे त्यांना हे सांगायला नको. दोन्ही टोकांना भरल्या घागरी लटकत असताना अरुंद बोळात वळायचे म्हणजे कसरत. निघायला वेळ, आणि निघालेली कावड थांबवायला त्याहून जास्त वेळ. त्याच दोन घागरी, एक डोक्यावर आणि एक कडेवर घेतलेली बाई गर्रकन वळते. पाणी तेवढेच आहे, फक्त ते अंगाजवळ आले आहे. यानातही मालाच्या पेट्या, इंधनाच्या टाक्या, चिलखताचे जाड ठोकळे मध्याजवळ ठेवले तर थोडक्या जायरोस्कोपांत काम होते. मुले मात्र याने लांबलचक बांधतात, एका टोकाला इंजिनांचा ढीग आणि दुसऱ्या टोकाला खणायची यंत्रे. मग चार चार जायरोस्कोप वाढवत बसतात. त्यांचेही वजन असतेच.

सर्वांत जास्त याने बुडतात ती मालाच्या वजनाने. रिकामे यान बांधले, चालवून पाहिले, उत्तम थांबते, उत्तम वळते. मग ते खाणीवर जाते, पेट्या खनिजाने गच्च भरतात आणि परत येताना तळाच्या भिंतीत शिरते. इंजिने तीच, जायरोस्कोप तेच, चालवणाराही तोच. फक्त वस्तुमान दुप्पट-तिप्पट झालेले असते. अवकाशात वजन जाणवत नाही म्हणून वस्तुमान कुठे जात नाही. ग्रहाजवळ तर प्रकरण आणखी कठीण, कारण तिथे खाली पडणे थांबवायलाच अर्धा रेटा खर्ची पडतो. शिवाय खेळातली आयन इंजिने हवेत दमतात, हवेतली इंजिने पोकळीत चालत नाहीत, आणि दोन्हीकडे चालणारी हायड्रोजनची इंजिने इंधन पितात. आमच्याकडे एके काळी ट्रकसाठी कर्ज मागायला येणारे जुने चालक असत. घाट उतरण्याविषयी त्यांचे एकच सूत्र असे, की ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. आणि गाडी भरलेली असताना किती भार पेलते, तेवढेच खरे. रिकाम्या गाडीची परीक्षा ते परीक्षा मानत नसत.

पुढे इंजिने लावायची नसतील तर आणखी एक मार्ग आहे, आणि तो जुना आहे. अर्धी वाट झाली की यान उलटे फिरवायचे आणि मागचीच इंजिने पेटवायची. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या सोबत्यांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' नावाचा खेळ केला. त्यातल्या यानांना थांबवायचा हाच उपाय होता. संगणकावरचे खेळ जेमतेम जन्माला येत होते, तेव्हाच त्यांनी न्यूटनचे ऐकले होते. सवलती नंतर आल्या. १९८४ मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी 'एलिट' केला, त्यातली याने विमानासारखी मंदावत आणि वळत. लोकांना ते फार आवडले. १९९३ मध्ये ब्रेबनने त्याचा पुढचा भाग 'फ्रंटियर' काढला आणि त्यात न्यूटनचे नियम लावले. तेव्हा पुष्कळ जुन्या खेळाडूंनी कुरकूर केली, की यान आवरत नाही. नियम खरा लावला तर तक्रार व्हायचीच. बँकेत मी याहून निराळे काही पाहिले नाही.

उलटे फिरून थांबण्यात बचत आहे, पण दोन अडचणीही आहेत. एक तर जायला निघालो त्या जागेकडे पाठ होते, आणि समोर भलतेच आभाळ दिसते. म्हणून शेपटीला कॅमेरा बसवलेला बरा. दुसरी अडचण वेळेची. जायरोस्कोप कमजोर असतील आणि उलटे फिरायला २० सेकंद लागत असतील, तर सेकंदाला १०० मीटर वेगाने तेवढ्यात यान दोन किलोमीटर पुढे गेलेले असते. म्हणजे थांबण्याच्या अंतरात वळण्याचा वेळही मोजला पाहिजे. ब्रेक आणि स्टिअरिंग हे आपल्या मोटारीत दोन निराळे भाग आहेत. अवकाशात ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एक कमी पडला तर दुसरा असून नसल्यासारखा होतो. या लेखात मला काही सांगायचे असेल तर ते हेच आहे.

खरी यानेही बहुधा उलटे फिरूनच थांबतात. अमेरिकेची स्पेस शटल १९८१ ते २०११ या काळात पृथ्वीवर परतायला निघताना आधी शेपूट पुढे करून इंजिने पेटवी. आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाजवळ पोचले तेव्हा त्यानेही तोंड फिरवून आपले मुख्य इंजिन सुमारे २३ मिनिटे चालवले. ते इंजिन ४४० न्यूटनचे होते. म्हणजे ४५ किलोचा माणूस उचलून धरायला जेवढा जोर लागतो, साधारण तेवढाच त्याचा रेटा. आणि ते त्याआधी जवळजवळ ३०० दिवस निजून होते. दोन दिवस आधी चार सेकंद चालवून ते जागे होते की नाही हे पाहिले, मग काम सांगितले. ते पेटले नसते तर यान मंगळाला ओलांडून सरळ पुढे निघून गेले असते. पोचणे आणि थांबणे यांत किती अंतर आहे, ते त्या सकाळी बंगळुरूच्या नियंत्रण कक्षातल्या लोकांना कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

'स्पेस इंजिनिअर्स' एका बाबतीत मुलांना फार सवलत देतो. त्याची आयन इंजिने विजेवर चालतात, इंधन मोजावे लागत नाही. शिवाय इंजिन यानाच्या एका कोपऱ्यात बसवले तरी यान गरगरत नाही, खेळ ते सांभाळून घेतो. या दोन्ही सवलती नको असतील तर 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा दुसरा खेळ पाहावा. मेक्सिको सिटीतल्या 'स्क्वॉड' कंपनीने तो २०११ मध्ये पहिल्यांदा बाहेर आणला, आणि २०१५ मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती आली. त्यात बाजूला सरकवणारी छोटी इंजिने यानाच्या वस्तुमानाच्या मध्याभोवती नीट तोलून बसवली नाहीत तर सरकायला सांगितलेले यान सरकता सरकता फिरू लागते. आणि इंधन जळत जाते तसा तो मध्यही जागा सोडतो. सकाळी तोललेले यान दुपारी कलंडलेले.

तिथला इंधनाचा हिशेब तर खास माझ्या धंद्यातला आहे. १९०३ मध्ये त्सिओल्कोव्हस्की नावाच्या एका रशियन शाळामास्तराने तो मांडला. समजा १ टनाच्या यानाला हवा तो वेग द्यायला २ टन इंधन लागते, म्हणजे निघताना एकूण ३ टन. तेवढाच वेग शेवटी मारायचा आहे. मूल म्हणेल, आणखी २ टन घ्या, ४ टनांत काम झाले. झाले नाही. थांबण्यासाठीचे २ टन इंधन जाताना नुसते ओझे असते, आणि ते ओझे पळवायलाही इंधन लागते. १ टनाच्या यानाला थांबण्यासाठी ३ टनांचे व्हावे लागते, आणि त्या ३ टनांना पळण्यासाठी ९ टनांचे. इंधन ४ टन नव्हे, ८ टन. हे सरळव्याज नाही, चक्रवाढ आहे. नातवाला मी चक्रवाढ व्याज याच उदाहरणाने समजावले. शाळेच्या पुस्तकातला 'एका सावकाराने' त्याला कधी पटला नव्हता.

एवढे सगळे ऐकल्यावर कुणी म्हणेल, मग पुढे भरपूर इंजिने लावली की झाले. तसेही नाही, आणि याचा दाखला आपल्याच देशातला आहे. चांद्रयान-२ चा विक्रम लँडर ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रावर उतरताना कोसळला. त्या रात्री देश जागा होता. नंतर बरेच दिवस लोक म्हणत होते की ब्रेक लागले नाहीत. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी जुलै २०२३ मध्ये जे सांगितले ते याच्या जवळपास उलट होते. विक्रमची पाच इंजिने अपेक्षेपेक्षा जास्त रेटा देत होती. ब्रेक कमी पडले नव्हते, जास्त लागले होते. त्या टप्प्यात छायाचित्रे घेण्यासाठी यान स्थिर ठेवायचे होते, त्यामुळे चूक तिथल्या तिथे दुरुस्त न होता साठत गेली. पुढे ती दुरुस्त करायची वेळ आली तेव्हा यानाला फार झपाट्याने वळावे लागत होते, आणि किती झपाट्याने वळायचे यावर त्याच्या संगणकात मर्यादा घातलेली होती. त्यातच उतरायची जागा नेमून दिलेली, जेमतेम ५०० मीटर लांब आणि ५०० मीटर रुंद. ती गाठायची म्हणून यान जमिनीजवळ येऊनही वेग वाढवत राहिले.

कर्ज थकते तेव्हा ते एका कारणाने थकत नाही, हे मी कितीतरी फायलींत पाहिले आहे. इथेही तसेच. जास्त रेटा एकटा असता तर निभावले असते. वळणे मोकळे असते तर निभावले असते. जागा ऐसपैस असती तरी निभावले असते. तिन्ही एकदम आले.

दुसऱ्या वेळी काय केले ते मुलांनी पाहण्यासारखे आहे. चांद्रयान-३ च्या लँडरला पाच ऐवजी चारच इंजिने होती. जास्त ब्रेक लावण्याऐवजी एक काढून टाकले! इंधन वाढवले, वेग मोजणारे लेझरचे नवे उपकरण बसवले, पाय बळकट केले आणि उतरायची जागा चार किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद केली. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी त्याने सुमारे ३० किलोमीटर उंचीवर, ताशी ६,००० किलोमीटरच्या आसपास वेग असताना उतरायला सुरुवात केली, आणि सुमारे १९ मिनिटांनी ते चंद्रावर उभे होते. वेग किती आहे हे नेमके कळणे हाही ब्रेकचाच भाग आहे. खेळातही वेगाच्या आकड्याकडे लक्ष नसलेला मुलगा कितीही थ्रस्टर लावो, भिंतीत शिरतोच.

आता जानेवारी २०२५ मधले. इस्रोने प्रत्येकी २२० किलोचे दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडले. स्पेडेक्स हे त्या प्रयोगाचे नाव. अखेरचे जवळ येणे सेकंदाला एक सेंटिमीटर अशा बेताने आखलेले, म्हणजे मुंगीच्या चालीने. १२ जानेवारीला ते १५ मीटरवर आले, मग ३ मीटरवर आले आणि मग पुन्हा मागे नेले. जोडणी झाली १६ जानेवारीला. मधल्या दिवसांत 'अजून कसे जमत नाही' असे म्हणणारे पुष्कळ भेटले. मला त्या ३ मीटरवरून मागे येण्याचेच जास्त कौतुक वाटले. १९९७ च्या जूनमध्ये रशियाच्या मीर स्थानकावर प्रोग्रेस नावाचे मालवाहू यान येऊन आदळले, तेव्हा त्याचा वेग वेळेत मारला गेला नव्हता. स्थानकाच्या स्पेक्ट्र कक्षाला भोक पडले आणि तो कक्ष कायमचा बंद करावा लागला.

हा खेळ खेळून मुले शास्त्रज्ञ होतील असा माझा दावा नाही. रात्री दीड वाजता खेळणाऱ्या मुलाला झोपायला पाठवण्याच्या मी पूर्ण बाजूचा आहे. पण खेळायचाच असेल तर पालकांनी एक आग्रह धरावा. आठवड्यातून एखाद्या दिवशी तो डॅम्पनर बंद करून खेळायला लावावे. खेळात तशी सोय आहे, एक कळ दाबली की झाले. मग यान हात सोडल्यावर थांबत नाही. दिलेला प्रत्येक धक्का स्वतः मोजून परत घ्यावा लागतो, पुढचा मागे, डावीकडचा उजवीकडे. पहिले दोन दिवस मूल चिडते. तिसऱ्या दिवशी ते निघण्यापूर्वीच थांबायचे कुठून ते ठरवू लागते, आणि चौथ्या दिवशी यान पुन्हा बांधायला घेते. निदान आमच्याकडे तरी असेच झाले.

सध्याचे यान पहिल्याइतके देखणे नाही. मागे तीन मोठे थ्रस्टर, पुढे तीन, बाजूंना आणि वर-खाली दोन दोन, मालाच्या पेट्या मधोमध आणि शेपटीला कॅमेरा. नाक बसके झाले आहे, त्याचे त्याला अजून वाईट वाटते. खाणीवरून गच्च भरून आले की तळापासून सहाशे-सातशे मीटरवर ते मंदावू लागते आणि धक्क्याला लागताना आवाजसुद्धा होत नाही. जायरोस्कोप चार असावेत की सहा, यावर आमचे जमलेले नाही. त्याचे म्हणणे, चार पुरतात. मी म्हणतो, भरलेले असताना वळवून दाखव, मी घड्याळ लावून बसतो.